मॉडेलची नावे काट्यावरच्या कागदातून घ्यावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंगणघाट तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तुम्ही रूबी ऑन रेल्समध्ये (रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या तयार चौकटीत) कापूस खरेदी आणि जिनिंगचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर लिहीत आहात. त्यात ‘प्रोसेस’, ‘ट्रान्झॅक्शन’ आणि ‘सेट’ अशी तीन मॉडेल (डेटाबेसमधल्या एकेका टेबलचे कोडमधले रूप, म्हणजे एकेक क्लास) तुम्ही हाताने फाइली बनवून तयार केली. ‘प्रोसेस’मध्ये नोंद घालायला गेलात तर ‘क्रिएट’ नावाची मेथडच नाही असे उत्तर आले, आणि वैतागून ती फाइल स्वतः लोड केली तेव्हा ‘प्रोसेस इज नॉट अ क्लास’ असा एरर आला. ‘ट्रान्झॅक्शन’ एकटे असेपर्यंत नीट चालले, पण पावतीच्या मॉडेलमधून त्याच्याशी एकवचनी संबंध जोडताच रेल्सने तो नाकारला. ‘सेट’च्या बाबतीत तर फाइलमध्ये काहीही लिहिले तरी फरकच पडेना. वर्ज्य नावांची संपूर्ण यादी कुठे मिळेल, आणि मिळत नसेल तर प्रत्येक नावापुढे कंपनीची आद्याक्षरे लावून मोकळे व्हावे काय, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. यादी पुरत नाही, कारण ती दर काही वर्षांनी वाढते. आणि आद्याक्षरे लावल्याने टक्कर टळली तरी नाव मुके ते मुकेच राहते. गेली अठरा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसून बाजार समिती, पतसंस्था, शाळा, बचत गट अशांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेवढ्या काळात माझे मत असे झाले आहे की क्लासच्या नावांची टक्कर बहुतेक वेळा एका आधीच्या चुकीतून येते: आपण कामाचे नाव न घेता इंग्रजीतला सर्वांत ढगळ शब्द उचललेला असतो. आणि तो शब्द ढगळ असल्यामुळेच भाषा बनवणाऱ्यांनीही तो आपल्या आधी उचललेला असतो. (पुढे सगळी नावे मी देवनागरीत लिहितो; कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत असतील.)

आधी तुमच्या तीन नावांचे नेमके काय झाले ते पाहू, कारण तिघांचे दुखणे वेगवेगळे आहे.

रूबीमध्ये सर्वांत बाहेरच्या पातळीवरची सर्व क्लास आणि मॉड्यूलची नावे एकाच झाडाला लागलेली असतात. त्या झाडावर ‘प्रोसेस’ हे नाव आधीपासून आहे. ते चालू प्रोग्रॅमची माहिती देणारे रूबीचे स्वतःचे मॉड्यूल आहे, क्लास नव्हे. रेल्स ६ पासून, म्हणजे २०१९ पासून, फाइली आपोआप लोड करण्याचे काम झाइटवर्क ही लायब्ररी करते. तिला मॉडेलच्या फोल्डरात ‘प्रोसेस’ नावाची फाइल दिसली आणि त्या नावाची वस्तू रूबीत आधीच हजर असली, तर ती तुमची फाइल मुकाट्याने बाजूला ठेवते. ओरडत नाही, थांबत नाही. त्यामुळे तुम्ही ‘प्रोसेस.क्रिएट’ लिहिले तेव्हा ती हाक तुमच्या मॉडेलला न जाता रूबीच्या मॉड्यूलला गेली, आणि त्याला नोंदी तयार करणे ठाऊक नसल्याने तसे मेथडच नसल्याचे उत्तर आले. फाइल बळेच लोड केल्यावर मात्र रूबीला ‘क्लास प्रोसेस’ ही ओळ वाचावी लागली आणि मग तिने खरे कारण सांगितले. ‘सेट’चेही हेच झाले. फरक इतकाच की ‘सेट’ हा खरोखरचा क्लास असल्याने, फाइल बळेच लोड केली असती तर ‘सुपरक्लास मिसमॅच’ असा वेगळा एरर दिसला असता: रूबीच्या ‘सेट’चा वडील एक आणि तुम्ही सांगितलेला वडील दुसरा, अशी ती तक्रार आहे.

झाइटवर्कचे हे मौन मोडता येते. ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रेल्स.ऑटोलोडर्स.लॉग!’ ही एक ओळ घातली की प्रत्येक फाइलीचे काय केले हे ती लॉगमध्ये लिहू लागते, आणि अमुक फाइल दुर्लक्षित केली कारण ते नाव आधीच अस्तित्वात आहे, असे वाक्य तुम्हाला तिथे सापडेल. याहून सोपा मार्ग म्हणजे मॉडेलची फाइल हाताने न बनवता रेल्सच्या जनरेटरकडून बनवून घेणे. तो नाव घेण्याआधी तपासतो, आणि ते वापरात किंवा राखीव असेल तर काम करण्यास सरळ नकार देतो. हाताने फाइल बनवण्यात वेळ वाचत नाही हे मी स्वतः दोन रात्री घालवून शिकलो आहे.

‘ट्रान्झॅक्शन’ची गोष्ट निराळी. क्लास म्हणून ते नाव मोकळे आहे. परंतु प्रत्येक मॉडेलमध्ये ‘ट्रान्झॅक्शन’ नावाची मेथड आधीपासून असते. अनेक नोंदी एकत्र टाकायच्या आणि मध्ये एक जरी फसली तर सगळ्या मागे घ्यायच्या, यासाठी ती असते. पावतीने ‘बिलाँग्ज टू ट्रान्झॅक्शन’ म्हटले की त्याच नावाची दुसरी मेथड तयार होणार, म्हणून ॲक्टिव्ह रेकॉर्ड, म्हणजे रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग, तुम्हाला दुसरे नाव शोधायला सांगते. क्लासचे नाव निर्दोष असूनही त्यापासून निघणारे मेथडचे नाव आधीच गुंतलेले असू शकते, ही बाब नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. याच जातीची आणखी एक ठेच: कापसाच्या प्रतीसाठी ‘टाइप’ नावाचा कॉलम ठेवलात तर रेल्स त्याला उपक्लासचे नाव समजते, आणि त्यात ‘लांब धागा’ असे लिहिलेले आढळले की त्या नावाचा क्लास शोधत बसते. ‘प्रत’ लिहा, प्रश्न मिटतो.

आता नेमस्पेसकडे, म्हणजे नावांसाठी वेगळी खोली करण्याकडे, येऊ, कारण अनेक जण तुम्हाला हाच उपाय सांगतील. तुम्ही वर्धा जिल्ह्यातले आहात, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. तुमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे आहे आणि सिंदी मेघेही आहे. वर्धेच्या बसस्थानकावर नुसते ‘सिंदी’ म्हटले तर वाहक विचारतो, कोणती? पण सिंदी रेल्वेच्या बाजारात उभे राहून ‘सिंदीत पाऊस झाला’ म्हटले तर कोणी विचारत नाही. आष्टीचेही तसेच: एक वर्धा जिल्ह्यात, एक बीडमध्ये, एक गडचिरोलीत. नाव कुठे उभे राहून घेतले यावर त्याचा अर्थ ठरतो. प्रोग्रॅमिंगमध्येही रूबी एखादे नाव आधी ज्या मॉड्यूलच्या आत कोड लिहिलेला आहे तिथे शोधते, मग क्लासच्या पूर्वजांत, आणि शेवटी सर्वांत बाहेरच्या पातळीवर. म्हणून ‘जिनिंग’ नावाच्या मॉड्यूलच्या आत ‘सेट’ ठेवला तर तो रीतसर चालतो. परंतु मग त्या मॉड्यूलच्या आत लिहिलेल्या कोणत्याही कोडने नुसते ‘सेट’ म्हटले की तुमचे मॉडेल मिळते, रूबीचा ‘सेट’ मिळत नाही. तो हवा असेल तर नावाच्या आधी ‘::’ असा दुहेरी अपूर्णविराम लावून बाहेरच्या पातळीकडे बोट दाखवावे लागते. सहा महिन्यांनी हे तुमच्या लक्षात राहणार नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला तर ठाऊकच नसेल. नेमस्पेसने टक्कर संपत नाही, ती घराबाहेरून घरात येते.

नेमस्पेस वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. मॉडेल तीस-चाळीसच्या पुढे गेली, खरेदी, जिनिंग, भागधारक, खत-बियाणे विक्री असे वेगळे विभाग पडले, की विभागवार मॉड्यूल करणे योग्यच आहे. फक्त ते विभागणीसाठी करावे, ढगळ नाव झाकण्यासाठी करू नये. कंपनीच्या आद्याक्षरांचा उपसर्ग मात्र मी कधीच सुचवणार नाही. उद्या दोन कंपन्यांचा संघ झाला आणि नाव बदलले, तर तुमच्या कोडमध्ये मेलेल्या नावाची आद्याक्षरे जन्मभर फिरत राहतील.

दुसऱ्या भाषांतही थोड्याफार फरकाने हेच चालते. त्या मी थोडक्यात घेतो, पण एका ठिकाणी थांबेन, कारण तिथे माझे स्वतःचे हात पोळले आहेत.

पीएचपीमध्ये २००९ साली, ५.३ या आवृत्तीत नेमस्पेस आले आणि पुष्कळ जणांना वाटले की नावांचा प्रश्न सुटला. मलाही वाटले. तालुक्याच्या एका क्रीडा मंडळासाठी मी कबड्डी स्पर्धेचे वेळापत्रक आणि गुणतक्ता दाखवणारी साइट लॅराव्हेलमध्ये (पीएचपीतल्या रेल्ससारख्या चौकटीत) केली होती, आणि तिच्यात प्रत्येक लढतीसाठी ‘मॅच’ नावाचे मॉडेल होते. तीन हिवाळे ती सुरळीत चालली. मग होस्टिंग पुरवणाऱ्याने सर्व्हरवरचे पीएचपी ८ वर नेले, आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा मारणे चालू असताना मंडळाच्या सचिवांचा फोन आला की पान उघडत नाही. एरर स्पष्ट होता: ‘मॅच’ या शब्दापाशी वाक्यरचना चुकली आहे, तिथे नाव अपेक्षित होते. पीएचपी ८.० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये, ‘मॅच’ हा भाषेचा राखीव शब्द झाला होता. नेमस्पेस असूनही उपयोग नव्हता, कारण राखीव शब्दाला क्लासचे नाव म्हणून जाहीरच करता येत नाही, मग तो कितीही आतल्या खोलीत असो. ‘स्ट्रिंग’, ‘इंट’, ‘फ्लोट’ ही नावे याच रीतीने पीएचपी ७ मध्ये गेली होती. त्या रात्री मी क्लासचे नाव ‘लढत’ केले, टेबलचे नाव जुनेच राहू दिले आणि मॉडेलमध्ये तसे सांगून टाकले. काम चाळीस मिनिटांचे होते. पण कबड्डीच्या मैदानावर लढतीला लढतच म्हणतात, हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते. ध्वनिक्षेपकावरून निवेदक दर पंधरा मिनिटांनी तो शब्द पुकारत असतो.

यादी का पुरत नाही, ते यावरून कळेल. तुम्ही नाव ठेवता तेव्हा ते मोकळे असते आणि नंतर भाषा ते घेते. रूबी ३.२ ने ‘डेटा’ हा नवा क्लास आणला. जावाच्या १६ व्या आवृत्तीत, २०२१ साली, ‘रेकॉर्ड’ कायम झाले. जावात हा क्लास न मागताच सर्वत्र हजर असतो, त्यामुळे ज्यांनी आपले ‘रेकॉर्ड’ तारांकन लावून सरसकट आयात केले होते त्यांच्या कोडमध्ये कोणते ‘रेकॉर्ड’ हा गोंधळ सुरू झाला. त्याच वर्षी डॉटनेट ६ ने काही नेमस्पेस प्रत्येक नव्या प्रकल्पात आपोआप जोडायला सुरुवात केली, आणि त्यात ‘टास्क’ आणि ‘फाइल’ ही दोन्ही नावे आली. डेटाबेसही मागे नाही: मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ हे शब्द राखीव झाले. बचत गटांच्या हिशेबाला आपल्याकडचा प्रत्येक जण ‘ग्रुप’ मॉडेल आणि ‘ग्रुप्स’ टेबल करतो. फ्रेमवर्क टेबलच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालते म्हणून रोजचे काम चालते, पण मासिक अहवालासाठी हाताने लिहिलेली क्वेरी सर्व्हर बदलताच पडते. टेबलचे नाव ‘बचत_गट’ असते तर कोणालाच काही करावे लागले नसते.

पायथनमध्ये प्रत्येक फाइल हे स्वतंत्र मॉड्यूल असल्याने क्लासच्या नावांची थेट टक्कर कमी होते, आणि जँगो ही पायथनमधली चौकट टेबलच्या नावाआधी ॲपचे नाव लावते. पण तिथे ती उलट्या दाराने येते. समजा, ‘खरेदी’ आणि ‘भागधारक’ अशा दोन ॲपमध्ये तुम्ही ‘पावती’ नावाचे एकेक मॉडेल केले आणि दोघांतूनही ‘शेतकरी’कडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) नेली. शेतकऱ्याकडून मागे पाहण्यासाठी जँगो आपणहून ‘पावती_सेट’ असे नाव तयार करते, आणि दोन्ही पावत्या तेच नाव मागतात. तपासणीत ‘रिव्हर्स ॲक्सेसर क्लॅशेस’ अशी तक्रार येते. ‘रिलेटेड_नेम’ देऊन ती मिटवता येते. तरी मी विचारेन की या दोन पावत्या एकच वस्तू आहेत काय? एक कापसाच्या वजनाची आहे, तिला काट्यावर काटापट्टी म्हणतात. दुसरी भागभांडवल भरल्याची आहे. गावात ज्यांना दोन नावे आहेत त्यांना आपण कोडमध्ये एक नाव दिले, म्हणून त्यांचे भांडण झाले.

जँगो वापरणाऱ्यांनी ‘युजर’बद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की स्वतःचे वापरकर्ता मॉडेल करायचे असेल तर ते पहिल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या पायरीच्या) आधी करावे आणि सेटिंग्जमध्ये तसे नोंदवावे. नंतर बदलणे फार जिकिरीचे होते.

आता नाव निवडायचे कसे, यावर येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

तुमचे ‘प्रोसेस’ घ्या. तुम्ही पाठवलेल्या रचनेत त्या टेबलला कापसाचे वजन, रुईचे वजन, सरकीचे वजन, गाठींची संख्या, गाठ क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक असे कॉलम आहेत, आणि तुम्हीच लिहिले आहे की निम्मे कॉलम नेहमी रिकामे राहतात. ते रिकामे राहणारच, कारण जिनिंग आणि प्रेसिंग ही दोन कामे आहेत. जिनिंगमध्ये कापूस आत जातो आणि रुई व सरकी वेगळी होऊन बाहेर येते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. प्रेसिंगमध्ये ती रुई दाबून गाठी बांधल्या जातात, आणि एक गाठ सुमारे १७० किलोची असते. म्हणजे एका गाठीसाठी जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो, आणि एका पाळीत जिन झालेली रुई कोणत्या गाठीत गेली हा संबंध एकास-एक नसतो. एका टेबलात हे बसवायला गेलात म्हणून रिकामे कॉलम आले. ‘जिनिंगपाळी’ आणि ‘गाठ’ अशी दोन मॉडेल केली असती तर रूबीशी टक्कर झाली नसतीच, शिवाय घट किती आली हे काढण्यासाठी तुम्ही जी अवघड क्वेरी लिहिली आहे तिची गरजही पडली नसती.

शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच आणखी ठळक दिसते. ‘क्लास’ हे नाव रूबी, जावा आणि पीएचपी या तिन्हींत अडते, म्हणून लोक ‘के’ अक्षराने ‘क्लास’ लिहून वेळ मारून नेतात. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांचे हजेरीपत्रक पाहा. त्यावर इयत्ता वेगळी लिहिलेली असते, तुकडी वेगळी, आणि वर्गखोल्यांची नोंद तर तिसऱ्याच रजिस्टरमध्ये असते. आपल्याकडच्या दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, हे तुम्हाला सांगायला नको. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली तीन वस्तू दडल्या होत्या. वनविभागासंबंधी काम करणाऱ्यांना ‘रेंज’चा असाच अनुभव येतो, कारण ‘रेंज’ हा रूबीचा मूळ क्लास आहे. तिथे ‘वनपरिक्षेत्र’ हा सरकारी कागदावरचा शब्द तयारच आहे.

तेव्हा एक दिवस काट्यावर बसा. बंडी किंवा गाडी लागल्यापासून शेतकऱ्याच्या हाती पैसे पडेपर्यंत कोणकोणते कागद फाडले जातात ते पाहा आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर काय छापले आहे ते वहीत उतरवा. काटापट्टी, सौदापट्टी, हिशेबपट्टी, हमाली, तोलाई, चुकारा. तुमच्या ‘ट्रान्झॅक्शन’ला तिथे चुकारा म्हणतात. शेतकऱ्याला मिळणारी मालाची रक्कम एवढाच त्याचा अर्थ असल्यामुळे, व्यापाऱ्याकडून आलेली रक्कम त्याच टेबलात टाकण्याचा मोह कोणालाही होणार नाही. तुमच्या रचनेत तो झालेला दिसतो. ‘ट्रान्झॅक्शन’ म्हटल्यावर दोन्हीही त्यात बसतात ना.

मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना मात्र रेल्समध्ये एक नवीच गंमत वाट पाहत असते. रेल्स मॉडेलच्या नावाचे इंग्रजी व्याकरणाने अनेकवचन करून टेबलचे नाव ठरवते, आणि त्यात लॅटिन शब्दांचेही नियम घातलेले आहेत. ज्या शब्दाच्या शेवटी ‘टीए’ ही अक्षरे येतात तो शब्द तिला आधीच अनेकवचनी वाटतो. तुम्ही ‘काटा’ नावाचे मॉडेल केले की टेबल ‘काटा’च होते, आणि त्या अनेकवचनाचे एकवचन शोधताना रेल्स ‘काटम’ असे काढते. राउटच्या (पानांच्या पत्त्यांच्या) नावांत एकदम ‘काटम_पाथ’ दिसले की माणूस चक्रावतो. ‘इयत्ता’चे आणि ‘पट्टा’चेही तेच होते. ‘कापूस’ रोमनमध्ये लिहिला की शेवटी ‘एस’ येतो. त्यामुळे ‘हॅज मेनी कापूस’ लिहिताच रेल्स तो ‘एस’ अनेकवचनाचा समजून खुडते आणि ‘कापू’ नावाचा क्लास शोधायला निघते. उपाय सोपा आहे: इन्फ्लेक्शन्सच्या फाइलीत अशा शब्दांचे एकवचन-अनेकवचन स्वतः सांगून ठेवावे, किंवा कापसाला अनेकवचन नाही असे जाहीर करावे. ‘चुकारा’, ‘काटापट्टी’ यांना हा त्रास नाही. त्यांच्यापुढे निमूटपणे ‘एस’ लागतो.

देवनागरीतच नावे ठेवता येतील काय, असेही कोणी विचारते. पायथन ३ मध्ये येतात. रूबीत क्लासचे नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते आणि आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर नाही, म्हणून तिथे रोमन लिपीला पर्याय नाही. रोमन आले की वर्णलेखनाची भांडणे येतात: ‘हमाल’ एका ‘ए’ने की दोन, ‘सौदा’ कसा लिहायचा. प्रकल्पात एक साधी शब्दसूची ठेवा, तिच्यात एकदा ठरले ते ठरले. आणि उद्या पुण्याहून किंवा परराज्यातून कोणी कोडवर काम करणार असेल, तर इंग्रजी नावे ठेवायलाही हरकत नाही. फक्त ती दोन शब्दांची ठेवा. ‘पेमेंट’ऐवजी ‘फार्मर पेआउट’, ‘लॉग’ऐवजी ‘वेब्रिज एंट्री’. दोन शब्दांचे नाव भाषेने आधी घेतलेले असण्याची शक्यता फार कमी असते, आणि दुसरा शब्द शोधताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावेच लागते.

नाव पक्के करण्याआधी कन्सोल उघडून ते नुसते टाइप करून पाहायचे. ‘अनइनिशिअलाइझ्ड कॉन्स्टंट’ असा एरर आला तर नाव मोकळे आहे. एवढ्या एका ठिकाणी एरर पाहून मला बरे वाटते.

राहिला प्रश्न तुमच्या चालू नावांचा. ‘प्रोसेस’ आणि ‘सेट’ कधी चाललीच नाहीत, तेव्हा त्या फाइली काढून टाका आणि ‘जिनिंगपाळी’, ‘गाठ’ आणि गाठींच्या संचासाठी व्यापारातला ‘लॉट’ अशी नवी मॉडेल जनरेटरने करून घ्या. ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये मागच्या हंगामाच्या खऱ्या नोंदी आहेत, तिथे घाई नको. आधी फक्त क्लासचे नाव ‘चुकारा’ करा आणि त्यात टेबलचे जुने नाव लिहून द्या. टेबलचे नाव बदलणारे मायग्रेशन आठवडाभराने, सगळे स्थिर झाल्यावर चालवा. रांगेत थांबलेली पार्श्वभूमीची कामे आधी संपू द्या, कारण त्यांच्यात जुन्या क्लासचे नाव लिहिलेले असते आणि नाव बदलल्यावर ती उघडत नाहीत.

सर्वांत जास्त लोक फसतात ते पुढच्या जागी. तुम्ही चुकाऱ्याला बँकेच्या पावतीचा फोटो ॲक्टिव्ह स्टोरेजने (रेल्सच्या फाइली जोडण्याच्या सोयीने) जोडला आहे. त्या जोडणीच्या टेबलात ‘रेकॉर्ड_टाइप’ नावाचा कॉलम असतो आणि त्यात ‘ट्रान्झॅक्शन’ हा शब्द अक्षरशः लिहिलेला असतो. क्लासचे नाव बदलले की सगळे फोटो गेल्यासारखे दिसतात. ते जागेवरच असतात, पण ‘चुकारा’ या नावाने कोणी शोधल्यास सापडत नाहीत. टेबलच्या मायग्रेशनची वाट न पाहता, क्लासचे नाव बदलाल त्याच वेळी त्या कॉलमातील जुने नाव नव्याने बदलणारे एक छोटे मायग्रेशन चालवा, आणि तुमच्या इतर टेबलांत शेवटी ‘_टाइप’ असलेले जेवढे कॉलम असतील तेवढे सगळे त्याच बैठकीत तपासा. (जँगोत असाच बदल करणाऱ्याने मायग्रेशन बनवताना ‘नाव बदलले काय’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये, ‘नाही’ म्हटले तर ते जुने टेबल काढून नवे रिकामे टेबल करण्याचे मायग्रेशन लिहिते.)

हे सगळे सीतादही (कापूस वेचणीच्या मुहूर्ताची पूजा) होण्याआधी उरकून घ्या. पहिली वेचणी सुरू होऊन काट्यावर बंड्यांची रांग लागली की मग तुम्हाला एका संध्याकाळचीही सवड मिळणार नाही, आणि चुकाऱ्याचे पान एक तास जरी बंद राहिले तरी खिडकीसमोर उभ्या शेतकऱ्याला मायग्रेशन म्हणजे काय ते समजावत बसावे लागेल.